पूर ओसरल्यावरची हवामान फेरी : कोल्हापूर, २०१९ च्या नोंदी

या नोंदी त्या त्या दिवशी वहीत केल्या होत्या. टाइप करताना भाषा थोडी सरळ केली, माणसांची नावं काढली, बाकी तसंच ठेवलं. हवामान बदलावर सरकारने ठोस काही करावं म्हणून तुमच्या गावात फेरी काढायची असेल, तर परवानगी, फलक आणि निवेदन या तीन ठिकाणी आमचा वेळ आणि पैसा कसा गेला ते आधी वाचून घ्या.

२४ ऑगस्ट २०१९, शनिवार

शाहूपुरीतल्या एका मैत्रिणीच्या घरी बसलो. तळमजला अजून ओला, म्हणून वरच्या खोलीत. २० ते २७ सप्टेंबर हा आठवडा जगभर हवामानासाठी रस्त्यावर उतरण्याचा ठरलाय. त्यात कोल्हापूरची फेरी शेवटच्या दिवशी, म्हणजे शुक्रवारी २७ तारखेला काढायची. २० तारीख आम्हाला जमणारी नाही. तोवर गणपती जेमतेम उरकलेले असणार आणि गावात अजून पंचनामे चालू आहेत.

पहिला प्रश्न बैठकीतच आला. शहरात १५ हजार, खेड्यात १० हजार सानुग्रह अनुदान जाहीर झालंय, ते अजून सगळ्यांच्या हातात पडलेलं नाही. अशा वेळी हवामान बदल काय काढताय? मला हा प्रश्न रास्त वाटला. दोन तास त्यावरच गेले आणि ते जायलाच हवे होते. फेरीत पूरग्रस्त पुढे असतील, आपण मागे, एवढं ठरलं. पुराचा विषय टाळून या गावात हवामानावर कुणी ऐकून घेणार नाही. पंचगंगेची धोका पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट. यंदा ती ५५ फुटांच्या वर गेली. हे आकडे इथल्या पोरासोरांना पाठ आहेत.

१ सप्टेंबर, रविवार

निवेदनाचा पहिला मसुदा वाचला. एक पानभर मागण्या : कार्बन उत्सर्जन घटवा, कोळसा बंद करा, झाडं वाचवा, नदी वाचवा, प्लास्टिक थांबवा, हवामान आणीबाणी जाहीर करा.

जलसंपदा खात्यातून निवृत्त झालेले एक अण्णा आमच्याबरोबर आहेत. त्यांनी चष्मा पुसला, कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "हे द्यायचं कुणाला?" आम्ही म्हटलं, जिल्हाधिकाऱ्यांना. "मग कोळसा बंद करायचा अधिकार त्यांना कुठला? ते वर पाठवणार. वरचा खाली पाठवणार. तुमच्या फायलीला पाय फुटतील, पण ती पोचणार कुठंच नाही."

मी स्वतः कर सल्लागाराच्या ऑफिसात काम करते. चुकीच्या टेबलावर गेलेल्या कागदाचं काय होतं ते रोज बघते. तरी मोर्चाचं निवेदन या नजरेने बघायचं आम्हा कुणालाच सुचलं नव्हतं. आजचा उरलेला वेळ मसुदा फाडून तीन कागद करण्यात गेला.

पहिला केंद्र सरकारला, जिल्हाधिकाऱ्यांमार्फत. पॅरिस करारात भारताने २०३० पर्यंत अर्थव्यवस्थेची उत्सर्जन तीव्रता (म्हणजे देशाच्या उत्पन्नाच्या दर रुपयामागे होणारं उत्सर्जन) २००५ च्या तुलनेत ३३ ते ३५ टक्क्यांनी कमी करायचं कबूल केलंय. ते उद्दिष्ट वाढवा आणि कोळशावरच्या नव्या वीजकेंद्रांना मंजुरी देऊ नका.

दुसरा राज्य सरकारला. राज्याने टेरी या संस्थेकडून हवामान बदलाचा अभ्यास करून घेतला आणि २०१७ मध्ये त्यावरचं अनुकूलन धोरण, म्हणजे बदलत्या हवामानाशी जुळवून घ्यायचं धोरण, मंजूर केलं. त्यातलं कोल्हापूर जिल्ह्यात काय केलं आणि किती खर्च केला ते लेखी सांगा. पुराच्या कारणांसाठी नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आहे, तिचा अहवाल जसाच्या तसा लोकांसमोर ठेवा.

तिसरा महापालिकेला, आणि माझ्या मते हाच सगळ्यात कामाचा. निळी आणि लाल पूररेषा प्रत्यक्ष रस्त्यावर फलक लावून दाखवा. निळी म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई, दोन्हींच्या मधे अटी. हे नकाशात आहे, पण फ्लॅट घेणाऱ्याला कुणी सांगत नाही. दुसरी मागणी केएमटीच्या, म्हणजे शहर बसच्या, गाड्या वाढवण्याची.

अण्णांनी एक वाक्य मात्र हट्टाने पत्रकात घालायला लावलं. कुठल्याही एका पुराकडे बोट दाखवून हा हवामान बदलामुळेच आला असं म्हणू नका. हवा एका अंशाने तापली की तिच्यात साधारण ७ टक्के जास्त बाष्प मावतं आणि त्यामुळे थोड्या वेळात कोसळणारा पाऊस वाढतो, एवढंच लिहा. आमच्यातल्या दोघांना ते मिळमिळीत वाटलं. मला नाही. समोरचा माणूस पत्रकातलं एक वाक्य जरी खोडू शकला तरी बाकीचं पत्रक वाया जातं.

४ सप्टेंबर, बुधवार

परवानगीची चौकशी. हद्दीतल्या पोलीस ठाण्यात गोपनीय शाखेचे हवालदार भेटले, नीट बोलले. "ताई, मोहरम आणि विसर्जन होऊ द्या. १२ तारखेपर्यंत कुणाला मान वर करायला वेळ न्हाई." अर्जात काय लागतं ते त्यांनी कागदावर लिहून दिलं, ते इथे देते. संयोजकाचं नाव, पत्ता, आधारची प्रत. फेरीचा मार्ग, सुरू आणि संपायची वेळ. अंदाजे संख्या. ध्वनिवर्धक असेल तर त्याचा वेगळा अर्ज. गाडी असेल तर नंबर आणि चालकाचा परवाना. किमान दहा स्वयंसेवकांची नावं आणि फोन. हे सगळं एका फाइलीत घेऊन गेलात तर दुसरी खेप पडत नाही.

मार्ग ठरवला तो असा : दसरा चौकात शाहू महाराजांच्या पुतळ्यापाशी जमायचं, जयंती नाल्यावरचा पूल ओलांडून व्हीनस कॉर्नर, तिथून असेंब्ली रोडने जिल्हाधिकारी कार्यालय. कोल्हापूरचे बरेच मोर्चे याच वाटेने जातात. शिवाय यंदा यातल्या बऱ्याच भागात पाणी होतं.

८ सप्टेंबर, रविवार

आजचं काम ठरवलेलं नव्हतं, पण सगळ्यात मोलाचं झालं.

शाहूपुरी कुंभार गल्लीतून जाताना एक घर रंगवायला काढलेलं दिसलं. महिनाअखेरीस घट बसणार, त्याआधी सगळं गाव घरं धुऊन काढतंय. भिंतीवर पाण्याची जी तपकिरी रेघ होती ती अर्ध्या भिंतीवरून गेलेली, अर्ध्या भिंतीवर अजून होती. दोन आठवड्यांनी एकही रेघ दिसणार नाही. पाणी कुठवर आलं होतं याचा पुरावा चुन्याखाली जाणार.

लगेच मीटर टेप आणि निळा ऑइल पेंट आणला. मालकाला विचारायचं, जमिनीपासून रेघेपर्यंत मोजायचं, फोटो काढायचा आणि रंगवायच्या कामात न येणाऱ्या जागी, खांबावर किंवा शटरच्या कडेला, वीतभर निळी रेघ आणि "ऑगस्ट २०१९" एवढं लिहायचं. बहुतेकांनी हो म्हटलं. एका दुकानदाराने नकार दिला. जागा विकायची आहे म्हणाला, रेघ बघून भाव पडेल. त्याला आग्रह केला नाही, पण तिसऱ्या निवेदनातल्या फलकाच्या मागणीला विरोध कुठून होणार ते तिथेच कळलं.

एका शटरवर रेघ साडेसहा फुटांवर आली. मी हात वर केला तर बोटं जेमतेम तिथवर पोचली. शेजारच्या शेडमध्ये कुंभारकाका बसले होते. गणपतीच्या तोंडावर शाडूच्या मूर्तींचा चिखल झाला, रंगवलेल्या मूर्ती पार नासल्या. त्यांनी विचारलं, "आमचा माल गेला, त्याचं तुमच्या कुठल्या कागदात घालणार?" खरं तर कुठल्याच कागदात नव्हतं. तिसऱ्या कागदात मागणी वाढवली : कुंभारांना जून ते सप्टेंबर मूर्ती ठेवायला पूररेषेबाहेर महापालिकेची जागा द्या. काका फेरीला येतो म्हणाले.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

फलकांचा फज्जा. हवामानाच्या फेरीत फ्लेक्स नको हे सुरुवातीपासून पक्कं होतं, म्हणून मांजरपाट आणून पोस्टर कलरने मुलांनी फलक रंगवले. गच्चीवर वाळत घातले आणि दुपारी सर आली. "हवामान" मधला "ह" खालच्या ओळीत उतरला. सगळं कापड वाया. पेंटरमामा बघून म्हणाले, "ह्या हवंत पोस्टर कलर टिकतोय व्हय?"

त्यांनी सांगितलेली रीत. कापडाला आधी पातळ डिस्टेंपरचा हात, तो वाळल्यावर अक्षरं ऑइल पेंटने. पावसाळी हवेत वाळायला दोन दिवस धरा, बंद खोलीत पंखा लावून ठेवा, घडी घालू नका, बांबूला गुंडाळा. मोठ्या फलकाला चार-पाच ठिकाणी अर्धचंद्रासारखे काप द्या, नाहीतर पुलावरचा वारा माणसासकट फलक ओढून नेतो. अक्षर किमान वीतभर उंच, एका फलकावर जास्तीत जास्त सहा शब्द. रस्त्यापलीकडून वाचता आलं पाहिजे.

मजकूरही बदलला. आधीच्या निम्म्या फलकांवर हवामानासाठी आंदोलन करणाऱ्या स्वीडनच्या ग्रेटा थुनबर्गचं चित्र आणि इंग्रजी घोषणा होत्या. त्या मुलीविषयी मला मनापासून आदर आहे, पण कुंभार गल्लीत तिला कोण ओळखतं? त्याऐवजी "३९ इशारा, ४३ धोका, ५५ आमचं घर" असं लिहिलं. बघणारा थांबून वाचतो आणि आपापल्या घरातलं पाणी सांगायला लागतो.

१६ सप्टेंबर, सोमवार

पोलीस ठाण्यात अर्ज दिला, पोच घेतली.

शाळांकडे गेलो होतो, तिथे काही जमलं नाही. एका मुख्याध्यापिकेने स्पष्ट सांगितलं की मुलं मोर्चात पाठवल्याची तक्रार झाली तर उत्तर त्यांनाच द्यावं लागेल. बरोबर आहे त्यांचं. शेवटी असं ठरलं की अठरा वर्षांवरचे रस्त्यावर चालतील आणि मुलं आपापल्या पालकांबरोबर फुटपाथवर साखळी करून उभी राहतील. शाळांना पत्र नाही, पालकांना थेट निरोप. हे आधीच केलं असतं तर आठवडा वाचला असता.

पत्रकं छापून आली, हजार प्रती, ९०० रुपये.

२० सप्टेंबर, शुक्रवार

जगभर आज मोर्चे निघाले. संयोजकांचा अंदाज चाळीस लाख लोकांचा. मेलबर्न, बर्लिन, न्यूयॉर्कचे व्हिडिओ रात्री सगळ्यांनी एकमेकांना पाठवले. पोरांना जोर चढला.

माझ्या मनात एक गोष्ट राहिली. तिथल्या मोर्चांत "आमचं भविष्य" हा शब्द सारखा येतो. आमच्या गल्लीत ते पाणी घरात येऊन गेलंय. म्हणून पत्रकातल्या पहिल्या परिच्छेदातून भविष्यकाळ काढला. सगळं भूतकाळात लिहिलं, तारखेसकट.

२१ सप्टेंबर, शनिवार

दुपारी निवडणूक आयोगाने विधानसभेचा कार्यक्रम जाहीर केला. मतदान २१ ऑक्टोबरला, मोजणी २४ ला. आचारसंहिता त्या क्षणापासून लागू.

संध्याकाळी हवालदारांचा फोन. आधीचा अर्ज तसाच चालणार नाही. ध्वनिवर्धकाची परवानगी आता निवडणुकीच्या एक खिडकीतून. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आवारात मोर्चा, धरणे काही नाही, फक्त पाच जणांचं शिष्टमंडळ. फलकावर किंवा तोंडात कुठल्या पक्षाचं, उमेदवाराचं नाव आलं तर फेरी प्रचारात धरली जाईल. पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव हवंच.

आमच्या पत्रकावर मुद्रकाचं नाव नव्हतं, आणि शेवट "जिल्हाधिकारी कार्यालयासमोर सभा" असा होता. हजार पत्रकं रद्दीत.

रात्री बैठक तापली. दोघांचं म्हणणं होतं की फेरी निवडणुकीनंतर काढू, आता निवेदन दिलं तरी सरकार काही जाहीर करू शकत नाही. ते खरंच आहे, आचारसंहितेत नवी घोषणा होत नाही. पण मला उलट वाटत होतं. सरकार बांधलेलं आहे, उमेदवार नाहीत. पुढचा महिनाभर ते स्वतःहून गल्लीत येणार आहेत. चौथा कागद करा, उमेदवारांसाठी, त्यात फक्त राज्याच्या मागण्या आणि खाली सहीची जागा. मत घेतलं, २७ तारीख कायम राहिली.

२३ सप्टेंबर, सोमवार

नवा अर्ज, नवा मार्ग. दसरा चौक ते व्हीनस कॉर्नर, तिथेच समारोप, पाच जण पुढे निवेदन घेऊन. अर्ज देताना तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४९ ची नोटीस मिळाली. अनुचित प्रकार घडला तर संयोजक जबाबदार, असा तिचा मजकूर. पहिल्यांदा हातात पडली की घाबरायला होतं. मोर्चा काढणाऱ्या बहुतेकांना ती मिळते. सही करून एक प्रत आपल्याकडे ठेवा.

ध्वनिवर्धकाच्या नादाला लागलोच नाही. एक हातातला मेगाफोन आणि दोन हलगीवाले.

आज न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांची हवामान परिषद आहे. तिथे पंतप्रधानांनी अपारंपरिक विजेचं उद्दिष्ट १७५ गिगावॉटवरून पुढे ४५० पर्यंत नेण्याचं सांगितलं. पहिला कागद रात्रीतून सुधारला : उद्दिष्टाचं स्वागत, पण ते कोणत्या वर्षापर्यंत आणि कोळशाची किती केंद्रं त्यामुळे थांबणार, ते सांगा. निवेदन देण्याच्या आदल्या आठवड्यातल्या बातम्या वाचत जा. कालच जाहीर झालेली गोष्ट आज मागितली तर सगळा कागद अडाणी दिसतो.

२५ सप्टेंबर, बुधवार

वेळ बदलली. सकाळी अकराची फेरी ठरली होती, पण रविवारी घटस्थापना आणि त्याआधीचे हे दिवस कोल्हापुरात नवरात्राच्या धुण्याचे. गोधड्या, चादरी, पडदे, सगळं घरातून बाहेर. यंदा तर पुराच्या वासामुळे दुप्पट. मैत्रिणीची सासू म्हणाली, "सकाळी बोलावलंस तर एक बाई यायची न्हाई. चार वाजता बोलाव, मी गल्ली घेऊन येते." चारची वेळ केली आणि ठाण्यात फोन करून अर्जात दुरुस्ती करून घेतली.

चारच्या वेळेचा एक तोटा आहे. टपाल शाखा बंद व्हायच्या आत निवेदन पोचायला हवं. म्हणून महापालिकेचं निवेदन त्या दिवशी सकाळीच द्यायचं आणि बाकीचे दोन कागद घेऊन दोघांनी फेरी संपायच्या आधीच पुढे जाऊन बसायचं.

२६ सप्टेंबर, गुरुवार

काल रात्री पुण्यात ढगफुटीसारखा पाऊस झाला, आंबिल ओढ्याला पूर आला. भिंती पडल्या, माणसं वाहून गेली. सकाळपासून मृतांचा आकडा वाढतोच आहे. आमच्या गटातल्या एकीचा भाऊ सहकारनगरला राहतो. दुपारी तो सुखरूप असल्याचा फोन आला तेव्हा सगळ्यांनी श्वास सोडला.

घोषणांची यादी निम्म्यावर आणली. सुरुवातीला श्रद्धांजली आणि पहिला टप्पा हलगीशिवाय.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

साडेतीनला दसरा चौकात स्वयंसेवक धरून चाळीस जण. चारला दीडशे, निघताना अडीचशेच्या आसपास. ती सासू खरोखर गल्ली घेऊन आली. बायकांच्या हातांना अजून धुण्याच्या सोड्याचा वास येत होता. कुंभारकाका आले, प्रयाग चिखलीहून सात-आठ जण आले, कॉलेजची मुलं सगळ्यांत जास्त.

दोन मिनिटं शांत उभं राहून निघालो. सीपीआर रुग्णालय जवळ असल्याने तिथवर वाजवायचंच नव्हतं. पूल ओलांडल्यावर हलगी सुरू झाली आणि नेमकी भुरभुर आली. चामडं सैल पडून हलगी बद्द वाजायला लागली. हलगीवाल्यांनी चहाच्या टपरीवर कागद पेटवून ती शेकली, पाच मिनिटं गेली. पावसाळ्यात हलगी घेणार असाल तर शेकायची सोय आधी बघा आणि वर झाकायला रेक्झिनचा तुकडा द्या.

वाटेत जिथे निळी रेघ होती तिथे थांबायचं आणि त्या घरातल्या माणसाने एक मिनिट बोलायचं, असं ठरवलं होतं. कागदावर हे सोपं वाटलं. प्रत्यक्षात पहिल्याच काकांनी अनुदानावर दहा मिनिटं घेतली, त्यांना कसं थांबवणार? मागचे लोक कंटाळून फुटपाथवर चढले, वाहतूक पोलीस हात दाखवायला लागले. दुसऱ्या थांब्यापासून मेगाफोन आमच्या एका मुलीने स्वतःच्या हातात धरला आणि दोनच प्रश्न विचारले. पाणी कधी आलं? कुठवर आलं? मग भराभर झालं.

चिखलीच्या मावशींना तिने हेच विचारलं. त्या म्हणाल्या, "सांजच्याला अंगणात आलं. म्हशी सोडल्या तवर कमरंला. चार सोडल्या, एक दाव्यालाच राहिली." पुढे बोलल्या नाहीत. मुलीने मेगाफोन खाली घेतला आणि सगळे चालायला लागले. घोषणेची गरज नव्हती.

व्हीनस कॉर्नरला अण्णांनी तिन्ही निवेदनं मोठ्याने वाचली, कुठला कागद कुठल्या कार्यालयात जातोय हे सांगून. तोवर पुढे गेलेल्या दोघांचा फोन आला : शिक्का मिळाला, आवक क्रमांक मिळाला. साडेपाचला फेरी संपली. रस्त्यावरचा कागद न् कागद मुलांनी उचलला.

२८ सप्टेंबर, शनिवार

वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी, फोटो नाही. काल दिवसभर शरद पवार ईडीच्या कार्यालयात जाणार का, हीच बातमी आणि संध्याकाळी अजित पवारांचा आमदारकीचा राजीनामा. आमच्यातली मुलं हिरमुसली. मला बातमीपेक्षा आवक क्रमांकाची काळजी होती आणि तो वहीत लिहिलेला आहे.

हिशेब : कापड ७२०, रंग आणि ब्रश ९५०, पेंटर १,५००, दुसऱ्यांदा छापलेली पत्रकं १,४००, हलगीवाले दोघे मिळून २,०००, मेगाफोनचं भाडं आणि सेल ५५०, पाण्याचे जार ३००, झेरॉक्स आणि स्टॅम्प ३८०. झाले ७,८००. वाया गेले ते वेगळे : पहिलं कापड आणि रंग ६५०, रद्द पत्रकं ९००. एकूण ९,३५०. सगळी वर्गणी आपसांत, कुठल्या पक्षाचा किंवा कारखान्याचा पैसा घेतला नाही. आचारसंहितेत कुणी हिशेब विचारलाच तर हाताशी असावा म्हणून पावत्या जपून ठेवल्या आहेत.

१४ ऑक्टोबर, सोमवार

उमेदवारांचा कागद. प्रचारफेरी गल्लीत आली की पुढे करायचा. सगळे "हो हो, महत्त्वाचा विषय" म्हणतात, पेन पुढे केलं की कार्यकर्ता मधे येतो. तिघांनी सही केली, त्यातल्या एकाने आधी वाचलं. कार्यालयात जाऊन भेटण्यापेक्षा कुंभार गल्लीत निळ्या रेघेजवळ गाठलं तेव्हाच सह्या मिळाल्या.

१८ नोव्हेंबर, सोमवार

निकाल लागून तीन आठवडे झाले, सरकार बनलेलं नाही, १२ तारखेपासून राष्ट्रपती राजवट आहे. राज्याच्या कागदाचं उत्तर द्यायला मंत्रीच नाहीत. अशा वेळी माहिती अधिकार कामाला येतो, कारण तो खात्याला बांधतो.

तीन निवेदनांवर काय कार्यवाही झाली, असे तीन वेगळे अर्ज केले. 'जोडपत्र अ' मध्ये, प्रत्येकावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, म्हणून मागण्या एकत्र कोंबू नका. निवेदनाचा आवक क्रमांक आणि तारीख पहिल्याच ओळीत. "का केलं नाही" असं विचारू नका, ती माहिती ठरत नाही. "टिपणीची प्रत द्या", "पत्रव्यवहाराची प्रत द्या" असं मागा.

२० डिसेंबर, शुक्रवार

दोन उत्तरं मुदतीत आली. केंद्राच्या कागदावर "मंत्रालयाकडे अग्रेषित". राज्याच्या धोरणाबाबतचा अर्ज कलम ६(३) खाली दुसऱ्या कार्यालयाकडे वर्ग. पूररेषेच्या फलकांबाबत संबंधित कार्यालयाचं उत्तरच नाही, तीस दिवस उलटले. आज पहिलं अपील टाकलं, २० रुपयांचा स्टॅम्प. २९ नोव्हेंबरला जगभर पुन्हा फेऱ्या झाल्या. आमच्यातल्या मुलांना निघायचं होतं, पण सप्टेंबरच्याच मागण्या तशाच घेऊन रस्त्यावर जाण्याला मी विरोध केला. आधी या कागदांची उत्तरं हातात घेऊ आणि तीच फलकावर लिहू.

१९ जून २०२०, शुक्रवार

टाळेबंदीत फेरीचा प्रश्नच नाही. पण दोन गोष्टी हलल्या. वडनेरे समितीने मे महिन्यात अहवाल दिला. अतिवृष्टी आणि नदीच्या वाटेतली बांधकामं यांवर त्यात भर आहे. पर्यावरण खात्याच्या नावातही आता 'वातावरणीय बदल' आला आहे.

अपिलाच्या सुनावणीत फलकांवरची टिपणी द्यायचा आदेश झाला. ती मिळाली, एक पान. "निधी उपलब्धतेनुसार कार्यवाही." अण्णांनी त्याखाली पेन्सिलीने अंदाज काढला : कुठल्या चौकांत फलक लागतील, एकाला किती खर्च. नव्या निवेदनाला हा तक्ता जोडायचा आहे. निळ्या रेघांचे फोटो आणि मोजमापं दोघींनी मिळून एका वहीत पत्त्यानुसार लावली. ज्यांना आपल्या गावात हे करायचं आहे त्यांनी रेघा आधी मोजाव्यात, रंगारी येण्याआधी. फेरीची तारीख नंतर ठरवता येते.